फ्लटर की कोटलिन हे विचारण्याआधी एकदा गोदामात जाऊन या

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यासाठी मी कॅमेऱ्याने बारकोड वाचणारं ॲप केलं होतं. माझ्या टेबलावर ते डोळ्याचं पातं लवायच्या आत कोड उचलायचं. पॅकिंग खात्यात दुसऱ्याच दिवशी सकाळी अकरापर्यंत ते आंधळं झालं. टॉवेलची कापणी आणि घडी जिथे चालते, तिथे हवेत कापसाचा बारीक भुसा तरंगत असतो. तो मोबाईलच्या लेन्सवर बसतो. पॅकिंगच्या आक्का पदराने लेन्स पुसायच्या आणि पदरावर तोच भुसा. मी घरी बसून बारकोड वाचणारी कोणती लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेला आयता कोड, सरस, यावर चार दिवस घालवले होते. भुसा माझ्या हिशेबातच नव्हता.

शेवटी तिथे खटकेवाला हँडहेल्ड स्कॅनर आणला. खटका दाबला की लाल रेघ पडते, काचेवर भुसा बसलाच तर एक फुंकर पुरते. कॅमेऱ्यासाठी लिहिलेला माझा सगळा कोड गेला.

हे आत्ता लिहायचं कारण माझा भाचा. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, प्रोजेक्ट म्हणून खरंखुरं ॲप करायचंय. फ्लटर, रिॲक्ट नेटिव्ह, कोटलिन ही सगळी मोबाईल ॲप बांधायची साधनं.
"मामा, फ्लटर घेऊ का रिॲक्ट नेटिव्ह?"
"कशाला बे?"
"ॲप करायला."
"ते कळलं. वापरणार कोण?"
"ते अजून ठरलं नाय."

मी सतरा-अठरा वर्षं हेच काम करतोय. नोकियाच्या बटणाच्या फोनवर जावा एमई चालायचं तेव्हापासून. इतक्या वर्षांत साधन चुकलं म्हणून बुडालेली कामं मी थोडी पाहिली. ज्याच्या हातात ॲप जायचंय तो माणूस न बघता साधन ठरवलं, म्हणून बुडालेली खूप पाहिली. त्यात माझीही आहेत.

पहिले दोन दिवस लॅपटॉप घरी ठेवा

जिथे ॲप चालायचंय तिथे अर्धा दिवस काढा. वही न्या. मालकांच्या केबिनमध्ये बसू नका, तिथे एसी असतो, वायफाय असतं आणि मालकांच्या हातात चांगला फोन असतो. ॲप वापरणार असतो मुकादम, नाहीतर माल उतरवून घेणारा पोरगा. त्याचा फोन मागून घ्या, सेटिंगमध्ये जाऊन अँड्रॉइडची आवृत्ती बघा, रॅम बघा, किती जागा शिल्लक आहे ते बघा. माझ्या वहीत अशा एका फेरीत नऊ फोन नोंदले होते. चारांवर अँड्रॉइड ९ किंवा त्याहून जुनं, आणि दोघांच्या फोनमध्ये लग्नाच्या व्हिडिओंमुळे नवीन ॲप टाकायलाही जागा नव्हती. तुमचं साधन किती जुन्या अँड्रॉइडपर्यंत उतरतं आणि तयार फाईल किती मोठी होते, हे दोन प्रश्न तिथेच उभे राहतात.

मग नेट. पत्र्याच्या शेडमध्ये आत गेल्यावर मोबाईलच्या दांड्या मोजा. दारात चार असतात, बीमच्या रांगेमागे एकही नसते. आपल्याकडचा उन्हाळा तर विचारू नका. मे महिन्यात त्या पत्र्याखाली फोन इतका तापतो की स्क्रीन आपोआप मंद होते आणि हलक्या राखाडी अक्षरांचं तुमचं सुंदर डिझाईन कुणालाच दिसत नाही. पांढऱ्यावर ठळक काळं, बटण अंगठ्याएवढं. ब्लीचिंगच्या कामातल्या माणसांच्या बोटांना भेगा असतात, त्यांना टचस्क्रीनवर नेम धरून दाबता येत नाही.

भाषासुद्धा वहीत लिहा. सोलापुरात एका खात्यात मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू अशा चार भाषा सहज निघतात. मागावरचे पद्मशाली अण्णा घरी तेलुगू बोलतात पण बहुतेकांना मराठी वाचता येतं, म्हणून नुसतं बोलण्यावर जाऊ नका. वाचता काय येतं ते विचारा. उर्दू लागणार असेल तर पडदा उजवीकडून डावीकडे उलटावा लागतो. आज सगळ्या मोठ्या साधनांत ती सोय आहे, पण पहिल्या दिवसापासून ध्यानात ठेवली तरच. नंतर बसवायला गेलात तर प्रत्येक पडदा परत हातात घ्यावा लागतो.

हातात काय असणार, त्यावर साधन ठरतं

लोकांचे स्वतःचे फोन असतील तर तुम्ही मोकळे आहात, खाली सांगितलेल्यातलं काहीही चालेल. कारखाना स्वतः खटकेवाले स्कॅनर घेणार असेल तर गोष्ट वेगळी.

अँड्रॉइडवरचे हे स्कॅनर आतून फोनच असतात, पण बारकोड वाचणारा भाग कंपनीचा वेगळा. झेब्राच्या यंत्रांत डेटावेज नावाचं ॲप आधीच बसवलेलं येतं. ते वाचलेला कोड मुख्यतः दोन पद्धतींनी देतं. पहिली, कळफलकावर टाईप केल्यासारखा, जिथे कर्सर असेल त्या चौकटीत. दुसरी, इंटेंटने, म्हणजे थेट तुमच्या ॲपला निरोप. पहिल्या पद्धतीत एक ओळही कोड लागत नाही आणि कुठल्याही साधनात केलेलं ॲप चालतं, अगदी ब्राउझरमधलं पानसुद्धा. फक्त कर्सर भलत्या चौकटीत गेला की बारकोडचा आकडा ग्राहकाच्या नावात जाऊन बसतो. माझ्याकडे एकदा एका गिऱ्हाईकाचं नाव तेरा आकडी झालं होतं. दुसरी पद्धत पक्की. कोटलिनमध्ये ती दहा-पंधरा ओळींचं काम आहे. फ्लटर किंवा रिॲक्ट नेटिव्हमध्ये मधे पूल, म्हणजे अँड्रॉइडचा निरोप ॲपपर्यंत आणणारा कोड, बांधावा लागतो, नाहीतर कुणीतरी बांधलेला प्लगइन घ्यावा लागतो. प्लगइन घेताना त्यात शेवटचा बदल कधी झाला ती तारीख बघा. दोन वर्षांपूर्वीची असेल तर तो पूल उद्या तुम्हालाच दुरुस्त करायचाय.

म्हणून माझा ठोकताळा असा: हार्डवेअरशी जितकी जवळीक, म्हणजे स्कॅनर, प्रिंटर, वजनकाटा, तितकं कोटलिनकडे झुका. पडदे भरपूर आणि हार्डवेअर नावापुरतं असेल तर फ्लटर.

विंडोज सीई, म्हणजे मायक्रोसॉफ्टची छोट्या यंत्रांसाठीची जुनी प्रणाली, त्यावरच्या हँडहेल्डचा एक अनुभव सांगतो. २०१० च्या सुमारास चिंचोळी एमआयडीसीतल्या एका गोदामासाठी मी मायक्रोसॉफ्टच्याच डॉटनेट कॉम्पॅक्ट फ्रेमवर्कवर काम केलं. तसले प्रोजेक्ट व्हिज्युअल स्टुडिओ या कोड लिहायच्या प्रोग्रामच्या २००८ च्या आवृत्तीपर्यंतच उघडायचे, २०१० च्या आवृत्तीत ती सोय राहिली नव्हती. मी त्याचा विचार केला नाही, काम झालं, पैसे आले, विसरलो. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला आणि मालकांचा फोन आला, "स्लिपवर तो एचएसएन नंबर पायजे, लावून द्या की." एचएसएन म्हणजे मालाच्या प्रकाराचा करासाठीचा संकेतांक. बदल वीस मिनिटांचा होता. पण जुना विंडोज शोधून, व्हर्च्युअल मशीनवर (कॉम्प्युटरात चालणाऱ्या नकली कॉम्प्युटरवर) चढवून, २००८ चा स्टुडिओ बसवून, यंत्राचे ड्रायव्हर जमवून तो प्रोजेक्ट उघडायला दोन दिवस आणि एक रात्र गेली. तेव्हापासून मोठं काम संपलं की ज्या कॉम्प्युटरवर ते केलं त्याच्या डिस्कची आख्खी नक्कल काढून वेगळ्या डिस्कवर ठेवतो. साधनांच्या आवृत्त्यांचे आकडे कागदावर लिहून फाईलला लावतो. कागदावरच.

आता एकेक साधन, माझ्या मताने

अँड्रॉइड स्टुडिओ आणि कोटलिन. कोटलिन ही भाषा, स्टुडिओ हा ती लिहायचा प्रोग्राम. स्टुडिओ गुगलचा, पाया जेटब्रेन्स कंपनीच्या इंटेलिजे आयडियाचा, आणि फुकट. कोटलिनला अँड्रॉइडवर अधिकृत मान्यता २०१७ मध्ये मिळाली, २०१९ पासून गुगल स्वतः कोटलिनला पहिला मान देतं. पडदे करायला आता जेटपॅक कंपोज वापरा, जुन्या एक्सएमएलच्या पद्धतीने नवं काम सुरू करू नका. जुनी वाचता मात्र आली पाहिजे, कारण हाती येणारी निम्मी दुरुस्तीची कामं तसलीच असतात. गोदाम, कारखाना, दूध संकलन असल्या जागी आयफोन मी तरी पाहिला नाही, मालकांच्या खिशात सोडला तर. मग दोन्हीकडे चालणारं साधन घेण्याचा हट्ट कशासाठी?

फ्लटर. डार्ट भाषा, २०१८ च्या डिसेंबरात पहिली पक्की आवृत्ती. एकच कोड अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हीवर. बटणं, याद्या सगळं ते स्वतःच्या इंजिनने रंगवतं, फोनची बटणं उसनी घेत नाही. त्यामुळे सगळ्या फोनवर सारखं दिसतं. कोड बदलून सेव्ह केला की चालू ॲपमध्ये तिथल्या तिथे बदल दिसतो. गिऱ्हाईक शेजारी बसून "हे जरा मोठं करा की" म्हणत असताना याची किंमत कळते. पोरांनी शिकायला सुरुवात करावी असं साधन विचाराल तर मी हेच सांगेन.

रिॲक्ट नेटिव्ह. २०१५ मध्ये फेसबुकने खुलं केलं. वेबसाईटचं काम करून जावास्क्रिप्ट मुरलेली असेल तर नवीन भाषा शिकण्यापेक्षा हे बरं. एक्सपो हा त्याचा तयार जुळणीचा संच बरोबर घ्या, नाहीतर पहिले चार दिवस नुसती जुळवाजुळव होते. मला स्वतःला याचा कंटाळा येतो. पॅकेजच्या आवृत्त्या एकमेकींशी भांडतात आणि मधे पडायला आपणच. हा माझा स्वभाव असेल. पुण्यातले माझे दोन मित्र याच्यावर सुखाने पोट भरतात.

साधं वेब पान, फोनवर चिकटवता येणारं. याला लोक कमी लेखतात. नवी पेठेतल्या एका शेंगा चटणीच्या व्यापाऱ्याला फक्त ऑर्डर घ्यायची होती. दुकानदार बारा, माल चार प्रकारचा. त्याला मी ॲप केलंच नाही. ब्राउझरमधलं पान केलं, होम स्क्रीनवर चिन्ह लावून दिलं, नेट गेलं तरी उघडतं. प्ले स्टोअर नाही, परवानगी नाही, सगळ्यांचे फोन अपडेट करत हिंडणं नाही. अडलं ते बिलाच्या प्रिंटरपाशी. त्याचा स्वस्त प्रिंटर जुन्या, क्लासिक ब्लूटूथवरचा होता आणि ब्राउझरमधून चालणाऱ्या वेब ब्लूटूथला बीएलई, म्हणजे कमी विजेवरचं दुसऱ्या जातीचं ब्लूटूथ, लागतं. त्याने छापील बिलबुक चालू ठेवलं, आजही तेच आहे.

एमआयटी ॲप इन्व्हेंटरवर ठोकळे जोडून ॲप करता येतं. शाळेतल्या मुलांना दाखवायला आणि मालकांना उद्याच्या उद्या नमुना दाखवायला उत्तम. त्यावर धंदा उभारू नका.

आयफोन हवाच असेल तर आधी खिसा तपासा. आयफोनचं ॲप बांधायचा ॲपलचा प्रोग्राम एक्सकोड, तो फक्त मॅकवर चालतो. मॅक नसेल तर क्लाउडवर बिल्ड, म्हणजे कोडपासून तयार ॲप, करून देणाऱ्या सेवा आहेत, पण काही बिनसलं की मॅकवाल्या मित्राच्या घरी जाऊन बसावं लागतंच. ॲपलची विकसक वर्गणी वर्षाला ९९ डॉलर, दरवर्षी. गुगल प्लेचे २५ डॉलर, एकदाच. हे पैसे कोण भरणार आणि खातं कुणाच्या नावावर, हे कामाच्या आधी लिहून घ्या. खातं गिऱ्हाईकाच्या नावावरच असावं. मला विचाराल तर यावर वाद घालू नये.

मराठीची एक ओळ

कुठलंही साधन घेतलं की पहिल्या तासात मी एकच काम करतो. रिकाम्या पडद्यावर बटण ठेवतो आणि त्यावर लिहितो: "व्यापाऱ्यांच्या कोऱ्या चादरींची पूर्ण नोंद". यात ऱ्या आहे, रफार आहे, वेलांटी आहे, खाली ऊकार आहे, वर अनुस्वार आहे. इंग्रजीसाठी बेतलेल्या बटणाची उंची ठरलेली असते, त्यात वरचा रफार किंवा खालचा ऊकार हमखास कापला जातो. "पूर्ण" चं "पण" झालेलं मी पाहिलंय. उंची मोकळी सोडा, ओळींमधलं अंतर वाढवा आणि फोनवर अक्षरांचा आकार सगळ्यात मोठा करून पुन्हा बघा. पन्नाशीपुढचे मुकादम तोच ठेवतात.

दुसरी परीक्षा आकड्यांची. मराठी कळफलकावरून माणूस नग लिहिताना "१२" लिहितो, देवनागरीत. कोटलिन अँड्रॉइडवर खाली जावाचीच पद्धत वापरतं, ती देवनागरी अंक ओळखते, बारा म्हणजे बाराच. डार्टमध्ये तीच गोष्ट केली तर ते "हा आकडाच नाही" म्हणून चूक फेकतं. जावास्क्रिप्ट तर तक्रारही करत नाही, गुपचूप "आकडा नव्हे" अशी किंमत धरून पुढे जातं आणि बेरजेचा सत्यानाश होतो. फ्लटर किंवा रिॲक्ट नेटिव्ह घेतलंत तर देवनागरी अंक आधी इंग्रजी अंकांत बदलणारं चार ओळींचं काम पहिल्या दिवशी करून टाका.

शोधातही हेच. "ऱ्या" दोन तऱ्हांनी टाईप होतो. कुणाचा कळफलक नुक्त्याचा ऱ वापरतो, कुणाचा साधा र, हलन्त आणि मधे न दिसणारं जोडचिन्ह. डोळ्याला दोन्ही एकच, डेटाबेसला दोन वेगळे शब्द. "व्यापारी सापडत नाही" अशी तक्रार आली तेव्हा दोन तास मी डेटाबेसवर शंका घेत होतो. साठवतानाच सगळं एका रूपात आणा.

आणि प्रिंटर

आपल्याकडे दुकानदाराला, टेम्पोवाल्याला हातात चिठ्ठी लागते. बिलाचे छोटे ब्लूटूथ प्रिंटर, ५८ मिलिमीटर कागदाचे, ईएससी-पॉस नावाच्या आज्ञा समजतात. त्यांना देवनागरी अक्षरं पाठवली तर कागदावर कचरा येतो, कारण आत देवनागरीचा फॉन्टच नसतो. उपाय असा की आख्खी चिठ्ठी आधी ॲपमध्ये चित्र म्हणून रंगवायची, काळी-पांढरी करायची आणि ठिपक्यांच्या रूपात पाठवायची. या प्रिंटरची रुंदी सहसा ३८४ ठिपके. तेवढंच रुंद चित्र करा. मोठं करून मग लहान केलंत तर रेघा फाटतात आणि शिरोरेषा तुटक येते. अँड्रॉइडमध्ये चित्र काढायची कॅनव्हास नावाची सोय आहे, तिच्यावर हे सोपं जातं. फ्लटरमध्येही विजेटचं, म्हणजे पडद्याच्या एखाद्या तुकड्याचं, चित्र काढता येतं. गिऱ्हाईकाला मराठी चिठ्ठी हवी असेल तर प्रिंटर आणून, चिठ्ठी छापून, मगच साधनाला हो म्हणा. आणखी एक, अँड्रॉइड १२ पासून ब्लूटूथची परवानगी वेगळी मागावी लागते. जुन्या उदाहरणांतला कोड उचललात तर नव्या फोनवर प्रिंटर सापडतच नाही आणि तुम्ही प्रिंटर बदलत बसता.

माहिती कुठे ठेवायची

ज्या शेडमध्ये नेट नाही तिथे माहिती आधी फोनमध्येच साठली पाहिजे, नेट मिळेल तेव्हा वर जाईल. फोनमध्ये एसक्यूलाईट हा छोटा डेटाबेस. ते अँड्रॉइडमध्ये असतंच, कोटलिनमध्ये रूम नावाच्या थरातून वापरा. इथे मी आपल्या जुन्या हिशेबनीसांचं ऐकतो: फोनमध्ये किर्द लिहा, खतावणी नंतर. म्हणजे "शिल्लक ४०" असं साठवू नका. "१० आले", "६ गेले" अशा नोंदी साठवा, वेळ आणि माणूस घालून. दोन माणसांनी नेटशिवाय एकाच मालाच्या नोंदी केल्या तरी नंतर बेरीज जुळते. शिल्लक साठवली की शेवटी ज्याचा फोन नेटवर आला त्याचंच खरं धरलं जातं.

वरच्या बाजूला, म्हणजे नेटवर माहिती ठेवायला, गुगलचं फायरबेस घेतलं तर एक गोष्ट माझ्या चुकीतून शिका. त्यातला डेटाबेस म्हणजे फायरस्टोअर, त्याच्या फुकट हिश्श्यात दिवसाला ५०,००० वाचनं मिळतात, एक नोंद आणली की एक वाचन. एका चादरीच्या गोदामात १,८०० प्रकारचा माल होता आणि मी पडदा उघडला की दरवेळी सगळी यादी नव्याने आणायचो. हिशेब करा. अठ्ठावीस वेळा पडदा उघडला की ५०,४००. डिसेंबर-जानेवारीची गोष्ट, गड्ड्याच्या, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या, यात्रेमुळे गोदामात माल हलत होता. रोज सकाळी अकराच्या सुमारास यादी ताजी व्हायची थांबायची, पाठवलेला माल शिल्लक दिसायचा, आणि जेवणाची सुट्टी संपली की सगळं आपोआप ठीक. तिथला मुकादम म्हणायचा, "तुमचं ॲप जेवल्याशिवाय काम करत नाय." आम्ही वायफाय बदललं, फोन बदलले. मग कळलं की तो फुकटचा कोटा अमेरिकेतल्या पॅसिफिक वेळेच्या मध्यरात्री नव्याने सुरू होतो, म्हणजे हिवाळ्यात आपल्याकडे दुपारी दीड. उन्हाळ्यात साडेबारा. चूक सगळी माझी होती. फक्त बदललेल्या नोंदी आणायला लागल्यावर दिवसाची वाचनं हजारांत आली.

तात्पर्य एवढंच घ्या की फुकट सेवा वापरताना एका दिवसाच्या वापराचा गुणाकार कागदावर मांडा. मांडायला पाच मिनिटं लागतात.

लॅपटॉप

८ जीबी रॅमवर अँड्रॉइड स्टुडिओ आणि एम्युलेटर, म्हणजे लॅपटॉपवरचा नकली फोन, दोन्ही चालवलं की दोन्ही रांगतात. १६ जीबी घ्या, एसएसडी घ्या, प्रोसेसरच्या पिढीवरून डोकं खाऊ नका. तेवढी ऐपत आत्ता नसेल तर एम्युलेटर सोडून द्या. खऱ्या फोनवर चालवा. फोनच्या माहितीत बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मारली की विकसकाचे पर्याय उघडतात, यूएसबी डीबगिंग चालू करा, झालं. अँड्रॉइड ११ पासून पुढे वायरही लागत नाही. स्क्रीन लॅपटॉपवर बघायला एससीआरसीपीवाय नावाचं फुकट साधन आहे, नाव उच्चारता येत नाही पण काम चोख. तसंही एम्युलेटरला भुसा लागत नाही, ऊन लागत नाही, मधेच घरून फोन येत नाही. जुना दोन-तीन जीबी रॅमचा फोन घेऊन ठेवा, माझ्याकडे असे तीन आहेत आणि त्यांनी माझी लाज कितीदा तरी वाचवली आहे.

पहिला बिल्ड करताना ग्रेडल, म्हणजे स्टुडिओतलं बिल्ड करणारं साधन, खूप काही डाउनलोड करतं. चांगल्या नेटवर ते उरकून घ्या आणि मगच गिऱ्हाईकाकडे जा.

साधन किती वर्षं टिकेल

कारखानदाराला ॲप म्हणजे यंत्र वाटतं. माग एकदा बसवला की वीस वर्षं बघायला नको, तसं. साधनांचं तसं नसतं. आधी एक्लिप्स नावाच्या प्रोग्रामवर अँड्रॉइडचं काम करायचो, स्टुडिओ आला आणि ती वाट बंद झाली. झामरिन या मायक्रोसॉफ्टच्या साधनाचा आधार १ मे २०२४ ला संपला, त्यावर काम केलेल्यांना मायक्रोसॉफ्टच्याच डॉटनेट माउईकडे जावं लागलं. वेब पानांचं ॲप करून देणाऱ्या फोनगॅपची बिल्ड सेवा २०२० मध्ये बंद झाली, खालचं कॉर्डोव्हा मात्र अपाचेकडे चालू राहिलं. यात एक खूण आहे. ज्याचा कोड खुला आहे आणि ज्यावर एकाहून जास्त लोकांचं पोट आहे, ते साधन मालकाने सोडलं तरी एकदम मरत नाही.

प्ले स्टोअरवर ठेवायचं असेल तर दरवर्षी थोडी डागडुजी ठरलेली. ऑगस्ट २०२५ च्या अखेरीपासून नवीन ॲप निदान अँड्रॉइड १५ चे नियम धरून बांधणं सक्तीचं झालं, आणि हा आकडा दरवर्षी पुढे सरकतो. म्हणून मी गिऱ्हाईकाशी बोलतानाच वर्षाच्या देखभालीचे पैसे वेगळे सांगतो. नाही म्हणाले तर एपीके, म्हणजे ॲपची फाईल, थेट फोनमध्ये टाकून देतो आणि तसं लिहून घेतो. प्ले स्टोअरचं वैयक्तिक खातं १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेलं असेल तर आधी १२ माणसांकडून सलग १४ दिवस चाचणी करून घ्यावी लागते. भाच्याने बारा माणसं पार्क चौकातल्या चहाच्या गाड्यावर गोळा करायचं ठरवलंय. चहाचे पैसे मी देतोय.

आणि सहीची किल्ली. अँड्रॉइडचं प्रत्येक ॲप एका किल्लीने सही केलेलं असतं, त्याच किल्लीची पुढची आवृत्ती आधीच्या जागी बसते. थेट दिलेल्या एका ॲपची किल्ली माझ्या हार्डडिस्कबरोबर गेली, बॅकअप नव्हता. नवी किल्ली म्हणजे जुनं ॲप काढून नवं टाकणं, आणि काढलं की फोनमधल्या नोंदीही जातात. अकरा फोनवरच्या नोंदी मी आणि माझ्या बायकोने एका रविवारी आधी एक्सेलमध्ये उतरवून घेतल्या, बसून, हाताने. आता किल्ली तीन ठिकाणी असते, पासवर्डसकट: माझ्याकडे, गिऱ्हाईकाकडे बंद पाकिटातल्या पेन ड्राइव्हवर, आणि क्लाउडवर. प्ले स्टोअरवरच्या नव्या ॲपची मुख्य किल्ली गुगल सांभाळतं, तिथे ही धास्ती कमी.

भाच्याचं काय झालं विचाराल तर त्याला गेल्या आठवड्यात विडी घरकुल वसाहतीत माझ्या ओळखीच्या एका टॉवेल शिलाईवाल्या मावशींकडे पाठवलं. बायका घरी शिलाई करतात, मावशी कापड वाटतात, तयार माल गोळा करतात आणि हिशेब वहीत ठेवतात. तो जाऊन आला, वही भरून आणली. फोन सगळे अँड्रॉइड, तीन जणींना फक्त तेलुगू वाचता येतं, नेट ठीक, स्कॅनर नाही, चिठ्ठी नको, पण नगाचा आकडा मोठ्याने बोलला तर बरं होईल असं दोघी म्हणाल्या. मी फ्लटर म्हणालो. तो म्हणाला, "मामा, मावशींना नुसतं वेब पान चालंल की."

बघू. शनिवारी तो कागदावर काढलेले पडदे घेऊन परत जाणार आहे.